एका दमाची हजेरी

प्रल्हाद,

आज गुरुवार आहे आणि ग्रुपवर कुणी हजेरी लावलेली नाही. बदनापूरच्या काझी सरांनी क्लॅरिनेट पेटीतून काढलं, पुसलं आणि परत ठेवून दिलं, हे त्यांनीच मघाशी फोनवर सांगितलं. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. तू गेल्यापासून गुरुवार असेच चालले आहेत.

काझी सर म्हणाले, "पंचसाहेब, तुम्ही लिहा आता त्याच्यावर. तुमच्याएवढं त्याला कुणी ऐकलंच न्हाई."

मला धीर द्यायला बोलले ते. तुला सगळ्यात जास्त मी ऐकलं हे खरंच आहे, आणि मला आता तेच सहन होत नाही.

तुझ्या तेराव्याला मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. शेजारी तुझा मेहुणा पाहुण्यांना सांगत होता, संभाजीनगरला नेताना भोकरदनच्या पुढेच तू कसा गेलास आणि दवाखान्यातले डॉक्टर नंतर काय म्हणाले. हृदय कमजोर झालं होतं, फुप्फुसात पाणी साचत होतं, हे काही एका दिवसात होत नाही, आधी आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. पंगती उठल्या होत्या. तेवढ्यात सुनंदा वहिनी पाण्याचा पेला घेऊन माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "भावजी, तुमचा कान एवढा तयार. ह्यांचं वाजवणं तुम्ही हर हप्त्याला ऐकत होते. ह्यांना त्रास होऊन राह्यला असं तुम्हाला कधी वाटलं न्हाई का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. तसं काही जाणवलं नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग माझंच चुकलं. मी हात धरून न्यायला पाहिजे होतं."

रिकामा पेला घेऊन त्या आत गेल्या. मी जालन्याच्या गाडीत बसलो तेव्हा मला कळत होतं की तुझ्या बायकोला मी दोषी ठरवून चाललो आहे, आणि मी गाडीतून उतरलो नाही.

आपली ओळख कशी झाली ते इथं लिहितो, कारण ग्रुपमधल्या नव्या लोकांना ती माहीत नाही आणि मला आज ती पुन्हा सांगावीशी वाटते. इंटरनेटवर एका जुन्या अमेरिकन जॅझ रेकॉर्डिंगखाली जगभरच्या लोकांनी इंग्रजीत काय काय लिहिलं होतं. त्यात मध्येच एक मराठी ओळ. "वाजवायला लागण्याआधी त्याने जो श्वास घेतला आहे तो ऐका." मी खाली विचारलं, आपण कुठले? मला वाटलं पुण्याचे असतील, नाहीतर परदेशात गेलेले कुणी. उत्तर आलं, "जाफराबाद, जि. जालना." मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. बियाण्यांच्या कंपनीत, बी उगवतं की नाही ते तपासायच्या खोलीत आयुष्य काढलेला माणूस मी. या जिल्ह्यात जॅझ ऐकणारे आपण एकटेच, अशी माझी समजूत होती. घरात त्याला पिपाणी म्हणायचे. आणि एसटीने दोन तासांवर, कचेरीतून घरी येऊन हेच ऐकत बसणारा दुसरा माणूस होता, आणि तो तर स्वतः वाजवायला शिकत होता.

पहिल्यांदा भेटायला आलास तेव्हा सॅक्सोफोन घेऊनच आलास. डीजेमुळे बंद पडलेल्या एका बँडवाल्याकडून तू तो घेतला होतास. कंडक्टरने तुला अडवलं होतं.

"ह्याचं लगेज लागंल."

"मांडीवर घेतो की."

"काय हाय त्याच्यात?"

"सॅक्सोफोन."

"मंग लेकरू समजून घ्या मांडीवर. पण रडलं तर खाली उतरवीन दोघांला."

हा किस्सा तू इतक्या वेळा सांगितलास की शेवटी कंडक्टरच्या आवाजासकट मला पाठ झाला.

ग्रुपचं नाव तूच ठेवलंस. 'जॅझ जालना परिसर'. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चुकून आत आला आणि विचारू लागला, प्लॉट कुठं पाडलेत, रोडटच आहेत का. तू त्याला एक संथ धून पाठवून दिलीस आणि लिहिलंस, "एवढाच माल आहे साहेब." तो निघून गेला. जे राहिले ते घट्ट राहिले. कुणी एक रेकॉर्डिंग टाकायचं, मग आपण सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं. त्यातच मुलीचा बारावीचा निकाल, टँकर आला की नाही, सोयाबीनचा आजचा भाव. उन्हाळ्यात आपल्याकडे रीड, म्हणजे वादक तोंडात धरतो ती वेताची पातळ पट्टी, वाळून वाकडी होते, तर ती कशी सांभाळायची यावर आठवडाभर चर्चा चालली होती. नंतर ग्रुपवर आलेले पुण्यामुंबईचे लोक महागड्या डब्या सुचवत होते. तू तुझी रीड साध्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूपाशी ठेवायचास.

आणि ती तुझी धान्याची खोली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तू सोयाबीनच्या पोत्यांमध्ये बसून वाजवायचास. पोती आवाज खातात, त्यामुळे तुझा सूर मऊ यायचा. थंडीत पोती विकली गेली आणि तू ग्रुपवर तक्रार केलीस, "माल विकला अन् टोन बिघडला." काझी सर म्हणाले, "पुढच्या साली भाव वाढंस्तोवर टोन धरून ठेव." किती हसलो होतो आपण.

हजेरीही तुझीच कल्पना. गुरुवारी संध्याकाळी, बोलायचं नाही, वाजवणाऱ्याने फक्त एक सूर टाकायचा. एका दमात, जेवढा जाईल तेवढा. तुझं म्हणणं, सगळी विद्या त्या एका लांब सुरात आहे. तो थरथरला तर कळतं की ओठ थकलेत, फाटला तर कळतं की पोटातून श्वास येत नाही. आणि माझ्यासारख्या नुसत्या ऐकणाऱ्यांनी खाली एक शब्द लिहायचा, 'ऐकलं'. मी आयुष्यात चुलीशिवाय कशात फुंकर मारलेली नाही, पण ग्रुपवर सगळ्यात जास्त मी बोलायचो. कुणाचा श्वास कुठं तुटला, कुणी वाक्य घाईत संपवलं. म्हणून तू मला पंच म्हणायला लागलास. सूर टाकला की लगेच तुझा प्रश्न यायचा, "काय पंच, आऊट का नॉट आऊट?"

तुझी हजेरी सगळ्यात लांब असायची. एकदा काझी सरांनी लिहिलं होतं, "सोड आता भाऊ, शेजारच्यांचं दूध नासंल."

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं, प्रल्हाद. आता ते तसंच राहणार. तुला मैफलीतली रेकॉर्डिंगं आवडायची. लोक खोकताहेत, पेले वाजताहेत, कुणी मध्येच हसतंय, आणि वादकाचा श्वास स्पष्ट ऐकू येतोय, अशी. मला ते डाग वाटायचे. मला स्टुडिओतलं स्वच्छ लागायचं, नुसता सूर, बाकी काही नको. तू म्हणायचास, "अरे फुंकणारा माणूस हाय तो. श्वास न्हाई घेणार तर काय करील?" मी म्हणायचो, घेऊ दे ना, मला ऐकवायची काय गरज आहे? मी हे लिहिलंय. शब्द न शब्द असाच. ग्रुपवर वर सरकवत गेलं की अजून सापडतं.

वाटूरचं लग्न आठवतं. तुझ्या कचेरीतल्या कुणाच्या तरी मुलाचं होतं, मला उगाच सोबत नेलंस. वरातीतला सॅक्सोफोनवाला भुकेजला होता. तू त्याच्याशी रीडबद्दल बोलायला गेलास आणि तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच धरा जरा, मी दोन घास खाऊन येतो." तो दोन घास खाऊन, पान लावून, आरामात आला, तोवर तू कचेरीच्या शर्टात, खिशाला पेन लावून, वरातीच्या पुढं वाजवत चालला होतास. सिनेमाचं गाणं होतं, आणि तू त्याला मध्येच असा काही वळसा दिलास की बँडचा ढोलवाला चमकून तुझ्याकडे बघायला लागला. मी मागून चाललो होतो. लाजही वाटत होती आणि छाती फुगत होती. तू मान वळवून, फुगलेल्या गालांनी, भुवया उंचावून मला विचारलंस. आऊट का नॉट आऊट. मी दोन्ही हात वर केले. एवढ्या मोठ्या फुप्फुसांचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी तुझ्यामुळे माझ्या पन्नाशीला वयच उरलं नव्हतं. याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला तुझी हजेरी आखूड झाली.

पहिल्यांदा काझी सरांनी टोकलं. "काय साहेब, पंक्चर झालं का?" तू लिहिलंस, "दम पुरून न्हाई राह्यला सर. खोली रिकामी झाली ना, त्यानं आसंल." लोक हसले. मीही हसरा चेहरा टाकला. पुढच्या गुरुवारी आणखी आखूड. मग एका रविवारी तू एक संथ धून वाजवून पाठवलीस. एरवी तू ती एका ओढीत, वाक्याला वाक्य जोडत वाजवायचास. त्या दिवशी प्रत्येक वाक्य तू मध्येच सोडून दिलं होतंस. दोन-तीन सूर, मग शांतता. पुन्हा दोन सूर, पुन्हा शांतता. मी कानाला हेडफोन लावून ती परत परत ऐकली. माझ्या अंगावर काटा आला होता. मग मी तो मेसेज लिहिला.

मला तो इथं पूर्ण लिहवत नाही. पण थोडा लिहितो, म्हणजे काझी सरांना कळेल की मला कुणी धीर देऊ नये ते का. मी लिहिलं होतं, "आज प्रल्हाद पहिल्यांदा गप्प बसायला शिकला. इतके दिवस तो जागा भरत होता, आज त्याने जागा सोडली. मोठे वादक उतारवयात जे मिळवतात ते याला आत्ताच मिळालंय. दम पुरत नाही असं तो म्हणतो, तो त्याचा विनय समजावा."

विनय समजावा.

तुझा लगेच फोन आला. "पंच, खरं सांगून राह्यला का?"

"बिलकुल."

"मला तर वाटलं मी पार बिघडून गेलो."

"बिघडला नाहीस. मोठा झालास. हेच धर आता."

फोनवर तुझा श्वास तेवढा येत होता, भराभर. मला वाटलं, आनंदाने येतोय.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागून कुकरची शिट्टी यायची, वहिनी काहीतरी म्हणताना ऐकू यायच्या. मी म्हणालो, इतकी सुंदर शांतता आणि तिच्यात तुझं स्वयंपाकघर घुसतंय, खोलीचं दार लावून घेत जा. तू ऐकलंस. तू माझं नेहमी ऐकायचास. पुढची सगळी रेकॉर्डिंगं दार लावून केलेली आहेत. माझ्या आवडीची, स्वच्छ.

तेराव्याहून घरी आल्यावर मी ती सगळी पहिल्यापासून ऐकली. मधल्या जागा ऐकल्या. त्यात तू श्वास शोधत होतास, प्रल्हाद. सूर सोडलास की आधी थोडं काही नाही, मग तोंडातून हवा ओढल्याचा आवाज, आणि त्याच्या तळाशी काहीतरी ओलं खरखरतं. ते मी पूर्वीही ऐकलं होतं. मला आठवतं, ते कानावर आलं तेव्हा वाटलं होतं की तुझा माइक बदलायला हवा. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये तर एका जागी तू मागं टेकतोस. रिकामं पोतं खाली घसरल्याचा आवाज येतो. त्याखाली मी 'ऐकलं' असं लिहिलेलं आहे, आणि पुढं हात जोडलेले.

रोज सकाळी कंपनीत गेल्यावर मी ट्रे बघतो. कोणतं बी फुगलंय, कोणतं कुजायला लागलंय, हे मला दुरून दिसतं. तिथं माझी कधी चूक झालेली नाही. लोक मान देतात. ते ट्रे आता माझ्याच्याने बघवत नाहीत.

शेवटी मी जाफराबादला गेलो. रजा टाकली, भोकरदनला जीप बदलली. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. वहिनी ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. "या भावजी. बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"वहिनी, तेराव्याला तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं बोललो."

त्यांचा हात डाळीत फिरत राहिला.

"मला ऐकू आलं होतं. वाजवताना त्याचा दम तुटत होता, ते मला ऐकू आलं होतं. मला ते चांगलं वाटलं."

"चांगलं वाटलं म्हणजे?"

मी सांगायला लागलो. जॅझमध्ये मधल्या शांततेला किती महत्त्व असतं, जाणकार लोक त्याला काय समजतात, असं काहीतरी. एका विधवेसमोर, तिच्या ओसरीवर, मी हे बोलत होतो.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही त्या मोठ्या मेसेजचं बोलायले."

"तुम्ही वाचलाय?"

"मी कशाला वाचू? त्यांनीच वाचून दाखवला मला. मी मागं लागले होते, चला, डॉक्टरला दाखवून येऊ. पायावर सूज दिसायली होती. उशाला दोन उशा लागायल्या होत्या. तर फोन काढून म्हणले, हे बघ पंच काय म्हणतो. जाणकार माणूस हाय. ह्याला दम लागणं न्हाई म्हणत, ह्याला जागा सोडणं म्हणतात. मी गप बसले. म्हणलं, आपल्याला काय कळतंय त्याच्यातलं."

"अन् ते दार," त्या म्हणाल्या. "दार उघडं होतं तोवर मला समजायचं. थांबले की मी आवाज द्यायचे, पाणी आणू का. नंतर आतून कडी. मला वाटायचं, चांगलं वाजून राह्यलं, कशाला मधी मधी करावं."

"दार लावायला मीच सांगितलं होतं, वहिनी."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी तुला सांगू शकत नाही. "एक फोन करायचा होता तुम्ही, भावजी. त्यांना न्हाई. मला. एवढंच म्हणायचं, वहिनी, जरा बघा ह्याच्याकडं. मी ओढत नेलं असतं. ते चिडले असते, चिडू द्या."

आत जाऊन त्यांनी चहा केला. एवढं होऊनही चहा केला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "घ्या अन् जा आता. मला लई राग आलाय तुमचा. तुम्ही इथं बसले तर मी वाईट बोलंन."

मी उभ्यानेच चहा घेतला. फाटकाशी आलो तेव्हा मागून आवाज आला.

"त्यांचं वाजवलेलं पुसू नका. राग उतरला की मागीन."

जीपमध्ये माझ्या डोक्यात तुझ्याशी भांडण सुरू होतं. तुलाच विचारत होतो, खरं सांग, तुला माझं पटलं होतं का? की तू दवाखान्याला घाबरत होतास, आणि माझा मेसेज तुला आयताच सापडला? तुझे वडील तपासायला म्हणून गेले आणि परत आले नाहीत, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. तू तिला मेसेज वाचून दाखवलास तेव्हा तुझा चेहरा कसा होता? तू ते तिला वाचून दाखवत होतास की स्वतःला? मी हे स्वतःला वाचवायला विचारतोय, हे मला कळतं. तरी विचारतोय. तू "नाही रे पंच, मी भ्यालो होतो" असं म्हणालास तर मला झोप लागेल, आणि "तुझ्यावर विश्वास ठेवला" म्हणालास तर ते ऐकायचीही माझी तयारी आहे. यातलं काहीही चालेल. तू काहीच म्हणत नाहीस, ते मात्र मला झेपत नाही.

लोक म्हणतात, तू शेवटपर्यंत वाजवत राहिलास, भाग्यवान. मी ते म्हणणार नाही. तुला अजून पुष्कळ वाजवायचं होतं. पुढच्या थंडीत पोती परत भरली असती. गोळ्या घेत, माझ्यावर चिडत, पथ्याचं खात तू वाजवलं असतंस. आखूड वाजवलं असतंस तरी चाललं असतं.

ग्रुपवर वाजवणारे जे आहेत त्यांना एक सांगतो. तुमच्या सुरात काही बदललं तर मला विचारू नका. घरच्यांना विचारा, आणि ते म्हणतील तिथं जा. काझी सरांना मी आज फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "बेगम कवाच दवाखान्यात घेऊन गेल्ती मला. प्रल्हाद गेल्याची खबर आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी." मला इतकं बरं वाटलं की मी रस्त्यातच उभा राहिलो.

पण त्याच्या आधी, आज दुपारीच, वहिनींचा फोन आला होता. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. त्यांचं नाव बघून उचलायला उशीर झाला.

"भावजी, राग गेला न्हाई."

"हो वहिनी."

"पण ऐकवा."

"पाठवून देतो सगळी."

"पाठवू नका. मला लावता येत न्हाई ते. तुम्ही लावा तिकडून, मी इकडून ऐकते."

"कोणतं लावू?"

"तुम्हाला जे लई आवडलं होतं, ते."

मी नको म्हणायला हवं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. ऑफिसातल्या संगणकावर मी ती संथ धून लावली, खोलीचं दार सताड उघडं ठेवलं, एका कानाला फोन धरला. तू वाजवायला लागलास. दोन-तीन सूर. मग ती जागा आली. तुझा श्वास आला, मागून कुकर, मागून वहिनींचाच जुना आवाज, अस्पष्ट. आणि फोनमधून आजच्या वहिनींचा श्वास. तुटक. पुन्हा तुझे दोन सूर, पुन्हा जागा, आणि फोनमध्ये तो श्वास आणखी अडकत चाललेला, मध्येच थांबणारा, मग ओढून घेतलेला. मी धून बंद केली.

"वहिनी? वहिनी, दम लागतोय का तुम्हाला? जवळ कुणी आहे का? मी आत्ता निघतो, तुमच्या भावाला फोन करतो, तुम्ही आधी नीट बसून घ्या..."

मग त्या म्हणाल्या,

"दम न्हाई लागला भावजी. रडून राह्यले मी. लावा ते, पुरं होऊ द्या."